दिसले नाहीत म्हणजे नाहीतच?

काळविटांच्या मोजणीवरच्या वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय की मोकळ्या गवताळ पट्ट्यात काळवीट जास्त दिसले, झाडोऱ्यात कमी, म्हणजे अधिवासाचा परिणाम सिद्ध झाला. थांबा जरा! झाडोऱ्यात ते कमी आहेत की नुसते दिसत नाहीत, हे आधी वेगळं करायला नको का? त्यासाठीच तर डिस्टन्स सॅम्पलिंग असतं, ट्रान्सेक्टवरून (आधी आखलेल्या सरळ लाईनवरून) चालताना दिसलेल्या प्रत्येक कळपाचं लाईनपासूनचं काटकोनातलं अंतर नोंदवायचं आणि अंतर वाढेल तसं दिसणं किती घटतं याचा कर्व्ह प्रत्येक अधिवासासाठी वेगळा काढायचा, नाहीतर मॉडेल कितीही भारी असलं तरी तुम्ही झुडपांची दाटीच मोजताय.

दुसरं म्हणजे साधं प्वासाँ रिग्रेशन (मोजलेल्या संख्यांसाठीचं मॉडेल, ज्यात व्हेरियन्स म्हणजे आकड्यांचा पसारा मीनइतकाच, म्हणजे सरासरीइतकाच, धरलेला असतो) इथे बहुतेक वेळा गंडतं. काळवीट कळपाने राहतात, त्यामुळे दहा प्लॉटमध्ये शून्य आणि अकराव्यात एकदम चाळीस असला डेटा येतो, व्हेरियन्स मीनच्या कैक पट. निगेटिव्ह बायनॉमियल (जास्त पसारा चालणारं मॉडेल) लावून बघा, स्टँडर्ड एरर (अंदाजातली अनिश्चितता) वाढतील आणि काही 'सिग्निफिकंट', म्हणजे नुसता योगायोग नाही असे वाटलेले, घटक गळूनही पडतील (प्रबंधाच्या गाईडला आवडणार नाही, पण इलाज नाही). पाणवठ्याचं अंतर नि गवताची उंची मॉडेलात एकदम टाकण्याआधी त्यांचं कोरिलेशन तरी तपासा, दोन्ही जोडीने बदलत असतील तर परिणाम कोणाचा ते सुटं करणं अवघड. शेजारशेजारचे प्लॉट स्वतंत्र धरणं हा आणखी एक घोळ, त्यावर सवडीने लिहितो.