वळीव पडला, ताणातलं कडवळ आता कापू का?

माणदेशी_गोठा
मंडळी, हिरव्या चाऱ्यासाठी उन्हाळी कडवळ केलंय, एसएसजी (सुदान गवताशी संकर केलेली) ज्वारी आणि शेजारच्या पट्ट्यात बाजरी आहे. पहिल्या कापणीनंतर युरिया टाकला आणि बोअर आटलं. पीक सुकत चाललं होतं, परवा वळीव झाला नि एकदम तरारलं. कडबा संपत आलाय, दोन गायी गाभण आहेत. वडील म्हणतात ज्वारी नको, बाजरी घाला. बरोबर आहे का?

चारावाला
लगेच दोन्ही नको. वडील म्हणतात ते ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यातलं सायनाइडचं विष, ते बाजरीत नसतं. नायट्रेट (पिकाने जमिनीतून, युरियातून घेतलेलं नत्र, जास्त साठलं की जनावराला विषारी) मात्र बाजरीतही साठतं, मक्यातही. ताणात वाढ थांबते, त्यामुळे मुळांनी घेतलेल्या नत्राची प्रथिनं होत नाहीत. पाऊस पडला की मुळं ते भराभर ओढतात आणि पुढचे काही दिवस धोका उलट वाढतो. आठवडाभर ऊन पडू द्या, पीक वाढीला लागू द्या. मग वीतभर बुडखा सोडून कापा, कारण सगळ्यात जास्त नायट्रेट खोडाच्या बुडाशी असतं. ज्वारी दोन-अडीच फुटांच्या वर गेल्याशिवाय हात लावू नका.

दूधगंगाकाठ
वाळवून घातलं तर?

चारावाला
वाळवल्याने सायनाइड बरंच उडून जातं, नायट्रेट तसंच राहतं. मुरघासात (खड्ड्यात हवाबंद आंबवलेल्या हिरव्या चाऱ्यात) ते बऱ्यापैकी कमी होतं. पण खड्ड्यातून सुरुवातीचे दोन-तीन आठवडे पिवळसर-तपकिरी वायू निघू शकतो, तो जीवघेणा आहे. मुलांना तिकडे फिरकू देऊ नका. आणि हिरव्या कुट्टीचा ढीग रात्रभर ठेवू नका. तो तापला की नायट्रेटचं नायट्राइट होतं, ते कितीतरी जास्त विषारी.

गोठ्यातला_डॉक्टर
गाभण गायींसाठी चारा तपासूनच घ्या. सुक्या वजनावर नायट्रेट ०.४४ टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. उपाशी जनावरापुढे हा चारा कधीच टाकू नका, आधी कडबा, मग थोडा थोडा हिरवा. धाप, लडखडणं, हिरड्या निळसर-तपकिरी दिसल्या की चारा काढून लगेच पशुवैद्यकाला बोलवा. रक्त चॉकलेटी दिसत असेल तर नायट्रेट, लालभडक असेल तर सायनाइड. दोन्हींची औषधं वेगळी आहेत, म्हणून काय खाल्लं ते आधी सांगा.

माणदेशी_गोठा
तोवर शेजाऱ्याकडून कडबा घेतो. नमुना बुडख्यासकट द्यायचा का?

गोठ्यातला_डॉक्टर
जिथून कापणार तिथून वरचाच. पट्ट्यात चार-पाच ठिकाणचा घ्या, आणि ज्वारी-बाजरीचा वेगवेगळा.