मदत हवी आहे : १९४३ ची इशापूर ली-एनफील्ड घ्यावी का?

नमस्कार. मी पेनसिल्व्हेनियात राहतो. येथील एका दुकानात विक्रीस असलेल्या, इशापूरच्या (पश्चिम बंगालमधील सरकारी कारखाना) .३०३ ली-एनफील्ड रायफलीबाबत जाणकारांचे मत हवे आहे. मी ग्रीन कार्डधारक असल्याने खरेदीत अडचण नाही. फॉर्म ४४७३ (बंदूक खरेदीचा सरकारी अर्ज) आणि पार्श्वभूमीची तपासणी दुकानातच होईल. भारतात .३०३ हा निषिद्ध बोअर (सामान्य नागरिकाला न मिळणारे माप) असल्यामुळे ती पुढेमागे गावी नेण्याचा प्रश्नही उद्भवत नाही.

रायफल नंबर १ मार्क ३* आहे, म्हणजे पहिल्या महायुद्धात उत्पादन जलद व्हावे म्हणून मॅगझिन कट-ऑफसारखे (मॅगझिनमधली काडतुसे अडवून धरणारी पट्टी) भाग वगळून जो नमुना स्वीकारला गेला, तो. दस्त्याजवळच्या लोखंडी भागावर मुकुट, जी. आर. आय. (राजा-सम्राट जॉर्जची आद्याक्षरे), इशापूर आणि १९४३ अशी अक्षरे स्पष्ट वाचता येतात. नळीवर मात्र १९५१ चा शिक्का आहे, लोखंडावर जाड काळा रंग चढवलेला आहे आणि पुढच्या लाकडात मजबुतीसाठी आडवा स्क्रू बसवलेला आहे. यावरून स्वातंत्र्यानंतर इशापूरलाच तिची पुनर्बांधणी झाली असावी, असा माझा तर्क आहे.

खरी शंका बोल्टची, म्हणजे काडतूस आत ढकलून चेंबर बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याची आहे. त्याच्या मुठीमागचा जुना क्रमांक खोडून शेजारी रिसीव्हरशी (बोल्ट ज्यात सरकतो तो रायफलीचा मुख्य सांगाडा) जुळणारा क्रमांक ठोकलेला आहे. कारखान्यात दुरुस्ती करताना असे करीत, हे मला ठाऊक आहे. परंतु किंमत वाढावी म्हणून एखाद्या विक्रेत्यानेही तेच केले असू शकते, आणि हे दोन शिक्के ओळखण्याइतका माझा डोळा तयार नाही. नव्या क्रमांकातील आकडे किंचित वाकडे आहेत आणि रंग त्यांच्या खाचांतही उतरलेला आहे. रंगाखाली दबलेला शिक्का रंगकामाच्या आधीचा असतो, म्हणून तो कारखान्यातलाच मानावा का?

ली-एनफील्डच्याच नंतरच्या नंबर ४ रायफलींना बोल्टची डोकी क्रमांकित मापांत मिळतात, तशी सोय नंबर १ ला नाही, त्यामुळे हेडस्पेस (बंद बोल्ट आणि चेंबर यांमधली काडतुसाची जागा) बिघडलेला निघाला तर सुटे भाग बसवून बघत राहावे लागेल. .०७४ इंचाच्या फील्ड गेजवर (ही जागा मोजण्याचे माप; त्यावर बोल्ट बंद होता कामा नये) बोल्ट बंद होतो का, हे पाहिल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, एवढे मी ठरवले आहे. नळीतील आटे तीक्ष्ण दिसतात. चेंबरच्या पुढे थोडी गंजाची खडबड आहे.

दुकानदार साडेसहाशे डॉलर सांगतो आणि वर खडकीच्या कारखान्याचा केएफ शिक्का असलेली जुनी काडतुसे देऊ करतो. पुण्याजवळचे नाव वाचून बरे वाटले, पण इतकी जुनी काडतुसे मी झाडणार नाही, त्यामुळे किमतीत ती धरलेली नाहीत. आजोबा मराठा पलटणीतून इटलीच्या आघाडीवर गेले होते. त्यांच्या हाती अशीच रायफल होती, असा माझा दावा नाही. मात्र भाव ठरवताना मन तिकडे ओढ घेते, म्हणूनच तटस्थ सल्ला मागत आहे.

पुनर्बांधणी झालेल्या रायफलीला संग्राहक मूळ स्थितीतील रायफलीपेक्षा साधारण किती कमी मोजतात? काळा रंग काढून टाकावा असे दुकानदार सुचवतो. माझ्या मते तो तिच्या इतिहासाचाच भाग आहे, तरी अनुभवी मंडळींचे म्हणणे ऐकायला आवडेल. रायफल शनिवारपर्यंत माझ्यासाठी राखून ठेवलेली आहे.