मदत हवी आहे: बेसबॉल पिचरच्या ट्रेडचा (खेळाडूंच्या अदलाबदलीचा) हिशेब जुळत नाही, आपण खरंच जास्त मोजले का?

मिडल_रिलीफ (धागाकर्ता)
शीट तीनदा तपासली, उत्तर तेच येतंय. एक वॉर (साध्या बदली खेळाडूपेक्षा मिळवून दिलेला एक जादा विजय) म्हणजे 8 मिलियन डॉलर धरलंय. पिचरचे 5.8 वॉर, म्हणजे 46.4. पगाराचे 3.8 वजा, राहिले 42.6. कराराचे 170 वजा. बदल्यात दिलेल्या चार तरुण खेळाडूंचे, म्हणजे पोरांचे, 92 वजा. एकूण उणे 219.4 मिलियन. एवढा खड्डा दिसत असता तर टीम चालवणाऱ्या कुठल्याच फ्रंट ऑफिसने सही केली नसती, म्हणजे चूक माझ्याकडेच आहे. पण कुठे, ते सापडत नाही. शनिवारी आमच्या गटात यावर बसायचंय. समोरचे म्हणतात आपण लुटले गेलो. मला ते पटत नाही, पण आकडा त्यांच्याच बाजूने पडतोय. "हिशेब सोडा, मॅच बघा" असं कृपया सांगू नका. चूक दाखवा.

डावखुरा_बुलपेन
कोणता पिचर, कोणती टीम? 3.8 आणि 170 वरून क्रोशे असावा असं वाटतंय. आणि 92 कुठून आणलेत? ट्रेडच्या दिवशीची किंमत की आजची? वॉर कोणत्या साइटचा, फॅनग्राफ्सचा की बेसबॉल रेफरन्सचा? हे लिहिल्याशिवाय कोणी काय सांगणार.

मिडल_रिलीफ
क्रोशेच, रेड सॉक्स. वॉर फॅनग्राफ्सचा, 2025 चा. पोरांचे आकडे मी धरलेले आहेत: 46, 28, 12, 6. कोण कोण ते सगळ्यांना माहीत आहे. चूक सांगा.

साउथसाइडकर
सगळ्यांना माहीत नसतं, म्हणून लिहून ठेवतो. 11 डिसेंबर 2024. शिकागो व्हाइट सॉक्सकडून गॅरेट क्रोशे बोस्टनला. बोस्टनकडून कॅचर काइल टील, आउटफिल्डर ब्रेडन माँटगोमेरी, इनफिल्डर चेस मायड्रॉथ आणि पिचर विकलमन गोन्झालेझ. टील 2023 च्या ड्राफ्टमधला (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतला) 14 वा, माँटगोमेरी 2024 चा 12 वा. म्हणजे लागोपाठ दोन वर्षांचे पहिल्या फेरीचे पिक एकाच पिचरसाठी गेले. लुटले गेलो म्हणणाऱ्यांचा राग इथून येतो आणि तो निराधार नाही.

हिशेबनीस_617
चुका तीन आहेत. पहिली सगळ्यात मोठी.

170 मिलियन हा ट्रेडचा खर्च नाही. ट्रेडमध्ये बोस्टनला मिळाले फक्त दोन सीझन, 2025 आणि 2026. त्यानंतर तो फ्री एजंट, म्हणजे कुठल्याही टीमकडे जायला मोकळा, झाला असता. सहा वर्षांचा करार 2025 चा सीझन सुरू झाल्यावर झाला, आणि तो 2026 ते 2031 साठी आहे. तुम्ही त्या सहा वर्षांचा पगार वजा केलात, पण त्या सहा वर्षांत तो जे खेळेल ते कुठेच जमा केलं नाही. एकतर दोन्ही धरा, नाहीतर दोन्ही सोडा. आधी सोडाच.

दुसरी चूक तारखेची. पिचरचा आकडा सीझन संपल्यावरचा आणि पोरांचा ट्रेडच्या दिवशीचा, असं एकाच रकान्यात चालत नाही. ट्रेडच्या दिवशी कुणालाच 5.8 माहीत नव्हते. 2024 मध्ये 4.7 होते.

तिसरी, 2026 चं वर्ष शीटमध्ये नाहीच.

आता असं मांडा. दोन वर्षं, दुखापतीची शक्यता धरून सरासरी 4.5, म्हणजे 9 वॉर. गुणिले 8, म्हणजे 72. पगार 3.8 अधिक 2026 च्या आर्बिट्रेशनचा (लवादाने ठरणारा) अंदाजे 10, मिळून 13.8. राहिले 58.2. तुमचे 92 तसेच ठेवले तर उणे 33.8. 219 वरून 34 वर आलात.

मिडल_रिलीफ
170 चं कळलं, धन्यवाद. पण तरी उणे 34 आहेच की. मग ते लोक बरोबर?

जुना_फेनवे
हे सगळं 2016 मध्येही ऐकलंय. ख्रिस सेलसाठी मोंकाडा आणि कोपेक दिले, त्यांच्याबरोबर बसाबे आणि डियाझ. तेव्हाही व्हाइट सॉक्सच, तेव्हाही डावराच, तेव्हाही चारच पोरं. मोंकाडाला करारबद्ध करताना 31.5 मिलियनचा बोनस आणि तितकाच दंड बोस्टनने भरला होता. लोक म्हणाले भविष्य विकलं. 2017 ला सेलने 308 स्ट्राइकआउट घेतले आणि 2018 च्या वर्ल्ड सिरीजचा शेवटचा आउट, मचाडोचा, त्यानेच घेतला. वर्ल्ड सिरीज आली, तिथेच हिशेब संपला.

डावखुरा_बुलपेन
@जुना_फेनवे, काका, उदाहरण अर्धं सांगताय. सेल ट्रेडमध्ये तीन वर्षांसाठी आला होता, तेही स्वस्त पगारावर. क्रोशे दोनच वर्षांसाठी. आणि सेलचा पुढचा भाग? मार्च 2019 मध्ये त्याला पाच वर्षांचे 145 मिलियन दिले. मार्च 2020 मध्ये टॉमी जॉन सर्जरी (कोपराची), तो सीझन पूर्ण गेला. डिसेंबर 2023 मध्ये वर 17 मिलियन देऊन त्याला अटलांटाला धाडलं, बदल्यात ग्रिसम हा इनफिल्डर. पुढच्याच वर्षी त्याने तिकडे सर्वोत्तम पिचरचं साय यंग जिंकलं. ट्रेड उत्तम, एक्स्टेन्शन (नंतरचा वाढीव करार) महागात पडलं. हे दोन वेगळे व्यवहार आहेत, हिशेबनीस तेच सांगतायत.

क्रोशेच्या बाबतीत माझी भीती हाताची आहे. टॉमी जॉन एकदा झालेली, 2022 पूर्ण गेला, 2023 बराचसा. 2024 च्या आधी मेजर लीगमध्ये त्याच्या सगळ्या मिळून 73 इनिंग्ज होत्या. मग एकदम 146, त्यातही जुलैपासून त्याला चार इनिंग्जच्या पुढे जाऊ दिलं नाही. आणि 2025 मध्ये थेट 205 आणि एक तृतीयांश. ही चढण कुठल्याही कोपराला जड आहे. कॉर्बिन बर्न्सचं बघा: डिसेंबर 2024 मध्ये अॅरिझोनाशी सहा वर्षांचे 210 मिलियन, जून 2025 मध्ये सर्जरी. तो तर दरवर्षी न चुकता इनिंग्ज टाकणारा पिचर होता.

वेस्टबरो_वाडा
उणे 34 वर अडकलात कारण प्रत्येक वॉरला 8 च धरलेत. जिंकलेल्या एका मॅचची किंमत टीम तक्त्यात कुठे उभी आहे त्यावर ठरते. 2024 चे व्हाइट सॉक्स 41-121. त्यांच्यासाठी क्रोशेचे पाच विजय म्हणजे 121 ऐवजी 126 पराभव झाले नाहीत, एवढंच.

2025 चं अमेरिकन लीग बघा. रेड सॉक्स 89 विजय. डेट्रॉइट 87 वर प्लेऑफमध्ये गेले, ह्युस्टन 87 वरच टायब्रेकरने बाहेर राहिले. म्हणजे 87 वर दार बंद होत होतं. 89 मधून क्रोशेचे पाच-सहा काढा, 83-84 उरतात आणि ऑक्टोबरचे प्लेऑफ येत नाहीत. या पट्ट्यातल्या विजयाला 8 नाही, 10 सुद्धा कमी. 10 ने करा: 90 वजा 13.8, म्हणजे 76.2. फरक उरला 15.8.

आणि प्लेऑफच्या वाइल्ड कार्ड फेरीची पहिली मॅच कोणत्या रकान्यात टाकाल? यांकी स्टेडियम, 7 आणि दोन तृतीयांश इनिंग्ज, 11 स्ट्राइकआउट, एक रन, 117 पिचेस. तो स्वतः आठव्या इनिंगपर्यंत पोचला म्हणून त्याच्यानंतर थेट शेवटचा पिचर चॅपमन आणता आला, मधल्या पिचरांना हात लावावा लागला नाही. सिरीज 2-1 ने हरलो, पण जी एक जिंकलो ती त्याची.

साउथसाइडकर
@वेस्टबरो_वाडा, तक्त्याचा मुद्दा बरोबर, पण 2025 चे निकाल वापरून ट्रेडच्या दिवसाचा हिशेब करताय. हिशेबनीसने दुसरी चूक म्हणून तेच सांगितलं. निकाल धरायचे तर आमचेही धरा. टील जूनमध्ये मेजर लीगमध्ये वर आला, 78 मॅचेस, बॅटिंगची सरासरी .273. कॅचरसाठी हे पहिल्या वर्षी फार चांगलं आहे. मायड्रॉथ 122 मॅचेस खेळला. गोन्झालेझने बुलपेनमधून (बदली पिचर म्हणून) 20 मॅचेसमध्ये 2.66 चा ईआरए (नऊ इनिंग्जमागे दिलेले रन) दिला. चारपैकी तिघे पहिल्याच वर्षी मेजरमध्ये, आणि ज्याच्यावर सर्वात जास्त आशा आहे तो माँटगोमेरी 2025 मध्ये वर आलाच नव्हता.

कॅचर_कट्टा
एक खर्च तुम्ही सगळे विसरताय. टील गेल्यावर कॅचरची जागा रिकामी झाली, म्हणून त्याच आठवड्यात यांकीजकडून कार्लोस नार्वाएझ आणला आणि त्यांना एल्मर रॉड्रिगेझ-क्रूझ हा पिचर दिला. नार्वाएझने 15 होमरन मारले, कॅचिंग उत्तम केलं, तो सौदा मला मान्य आहे. पण रॉड्रिगेझ-क्रूझ 2025 मध्ये यांकीजच्या चांगल्या पिचिंग प्रॉस्पेक्टमध्ये (होतकरू पिचरांमध्ये) गणला गेला. शीटमध्ये पाचवी ओळ घाला: क्रोशे अधिक नार्वाएझ एका बाजूला, पाच पोरं दुसऱ्या बाजूला. टीलचे 46 पूर्ण मोजायचे आणि त्याची जागा भरली गेली हे मोजायचं नाही, तर चित्र अर्धवट राहतं.

करदाता_एमए
170 वर लक्झरी टॅक्स (एकूण पगार मर्यादेपुढे नेणाऱ्या टीमवरचा कर) कसा लागतो ते सांगतो. त्या वर्षी हातात पडलेला पगार बघत नाहीत, कराराची सरासरी बघतात. 170 भागिले 6, म्हणजे वर्षाला 28.3. 2026 ची मर्यादा 244 मिलियन. ओलांडली तर वरच्या रकमेवर पहिल्या वर्षी 20 टक्के, सलग दुसऱ्या वर्षी 30, तिसऱ्या वर्षी 50.

मिडल_रिलीफ
टॅक्सचं विचारलं नव्हतं, तरी धन्यवाद. माझा प्रश्न साधा आहे: एक्स्टेन्शन ट्रेडच्या खात्यात अजिबात धरायचं नाही का? हिशेबनीस सोडा म्हणतात. पण ट्रेड झालाच नसता तर एक्स्टेन्शन कुठून झालं असतं?

हिशेबनीस_617
बरोबर प्रश्न. 170 धरायचे नाहीत, वाचले किती ते धरायचे. 2026 ला तसेही 10 च्या आसपास गेले असते. उरले 160, पाच फ्री एजंट वर्षांसाठी, म्हणजे वर्षाला 32. बर्न्सला बाजारात वर्षाला 35 मिळाले, वय 30. क्रोशे बाजारात आला असता 27 व्या वर्षी. 36 धरा, वर्षाला 4 वाचले, पाच वर्षांचे 20. त्यातून दुखापतीचा धोका कापा, कारण टीमने पैसे दोन वर्षं आधीच कबूल केलेत. 2030 नंतर करार मोडायचा हक्कही त्याचा आहे, टीमचा नाही. माझ्या मते 10 च्या वर जमा करू नका.

डावखुरा_बुलपेन
मी शून्य धरेन. पैसे द्यायला तयार असलेली कुठलीही टीम 2026 नंतर हा करार करू शकली असती.

वेस्टबरो_वाडा
@डावखुरा_बुलपेन, 2026 नंतर बाजारात डॉजर्स आणि यांकीज बोली लावायला असते, एप्रिल 2025 मध्ये नव्हते. एकट्याने वाटाघाट करायची ती मुभा ट्रेडनेच विकत घेतली. सिएटलने 2022 मध्ये हेच केलं: जुलैमध्ये ट्रेडने पिचर कॅस्टिलो, सप्टेंबरमध्ये त्याला पाच वर्षांचे 108. डॉजर्सनी ग्लासनोला घेताना तर ट्रेड आणि करार सोबतच ठरवले. शून्य धरणं चूक आहे.

दादर_डगआउट
अवांतर विचारतो. आयपीएलमध्ये मुंबईने हार्दिकला रोख पैसे देऊन परत आणलं, पोरं द्यावी लागली नाहीत. बोस्टनकडे एवढा पैसा असताना शिकागोला सरळ रोख का नाही दिली?

जुना_फेनवे
अवांतर नाही, चांगला प्रश्न आहे. 1976 मध्ये ओकलंडच्या चार्ली फिनलीने रोलि फिंगर्स आणि जो रूडी प्रत्येकी एक मिलियनला बोस्टनलाच विकले होते, व्हायडा ब्लू दीड मिलियनला यांकीजला. कमिशनर बोवी क्यून यांनी खेळाच्या हिताचं कारण देऊन तिन्ही विक्री रद्द केल्या. तेव्हापासून मोठी रोख रक्कम कमिशनरच्या मंजुरीशिवाय हलत नाही. म्हणून अशा पिचरची किंमत पोरांतच मोजावी लागते.

साउथसाइडकर
धागाकर्त्यांसाठी ताळा करायला एक ट्रेड देतो. पिचर डिलन सीझ, मार्च 2024. तीच विकणारी टीम, तशीच दोन वर्षं शिल्लक. पाद्रेसनी थॉर्प, इरिआर्टे, झवाला आणि रिलीव्हर स्टीव्हन विल्सन दिले. चारात पहिल्या फेरीच्या ताज्या पिकसारखा एकही बॅटर नाही. त्या मापाने बोस्टनने नक्कीच जास्त दिले, आणि व्हाइट सॉक्सचा चाहता म्हणून मला ते आवडलं. पण तुमच्या 92 मधले माँटगोमेरीचे 28 फुगलेले आहेत. ट्रेडच्या दिवशी तो एकही प्रोफेशनल मॅच खेळला नव्हता, कॉलेजच्या शेवटच्या सीझनमध्ये घोटा मोडलेला. 20 धरा.

मिडल_रिलीफ
पुन्हा केलं. वॉरला 9, कारण 10 वर समोरचे मान्य करणार नाहीत. 81 वजा 13.8, म्हणजे 67.2. एक्स्टेन्शनचे 10 जमा, 77.2. पोरं 84. उणे 6.8. म्हणजे ट्रेडच्या दिवशी थोडे जास्त दिले, लुटले गेलो नाही. नार्वाएझ आणि रॉड्रिगेझ-क्रूझची ओळ वेगळी लिहिणार. शेवटचं एक: मायड्रॉथचे 12 मी सहा वर्षांचे धरलेत. तो एप्रिलमध्येच वर आला, मग 2025 पूर्ण वर्ष धरून 2030 लाच फ्री एजंट होणार ना? तसं असेल तर 12 कमी होतील.

हिशेबनीस_617
कमी करू नका. मेजर लीगमधलं एक पूर्ण वर्ष मोजायला 172 दिवस लागतात. तो 11 एप्रिलला बोस्टनविरुद्धच पहिली मॅच खेळला, सीझन 28 सप्टेंबरला संपला. मोजा: एप्रिलचे 20, मे 31, जून 30, जुलै 31, ऑगस्ट 31, सप्टेंबर 28. 171 होतात. एक दिवस कमी. या हिशेबाने तो 2031 पर्यंत शिकागोकडेच, म्हणजे सहा वर्षं आणि वर जवळपास पूर्ण सातवं.

साउथसाइडकर
आणि दोनच दिवसांनी, 13 एप्रिलला, क्रोशे आठव्या इनिंगपर्यंत एकही हिट न देता नो-हिटर घेऊन चालला होता आमच्याविरुद्ध. तो मोडणारी सिंगल मायड्रॉथची. मॅच मात्र 3-1 ने तुमची. शनिवारी हे दोन्ही सांगा.