पांदण आणि डांबर दोन्हीसाठी क्लिपलेस (बूट अडकणारे) पायडल व बूट कोणते घ्यावे?

पांदणवाट (दारव्हा, जि. यवतमाळ)
नमस्कार राजेहो. घरापासून डांबरी सडकेपर्यंत पांदण आहे, पुढे यवतमाळपर्यंत डांबर. हिवाळ्यात २०० किलोमीटरची ब्रेव्हे (ठरल्या वेळेत पुरी करायची लांब सायकल फेरी) साडेतेरा तासांच्या मुदतीत पुरी करायचा विचार आहे. सध्या साधे पायडल आणि कॅनव्हासचे मऊ बूट आहेत. तास-दीड तासानं चवड्याखाली आग होते, मग बोटं बधिर होतात. पाय रुंद आहे, उजवा डाव्यापेक्षा थोडा मोठा. बूट घालून पाहायचे तर नागपूर गाठावं लागते, नाहीतर ऑनलाइन. दोन बोल्टवाले घ्यावे की तीन बोल्टवाले? साइज कसा ठरवावा? अन् पावसाळ्यात काळ्या मातीत हे चालते काय?

चाक_आणि_चवडा (वर्धा)
भाऊ, पांदण आहे म्हणता, मग दोन बोल्टवालेच, म्हणजे एसपीडी. तीन बोल्टची क्लीट (बुटाच्या तळव्याला बसवतात तो पायडलमध्ये अडकणारा तुकडा) प्लास्टिकची असते आणि तळव्याच्या बाहेर येते. ती घालून नीट चालता येत नाही, चाललं की झिजते, आणि ओल्या मातीत पाय टेकला तर पुन्हा अडकतच नाही. दोन बोल्टची क्लीट लोखंडी, रबरी तळव्याच्या खाचेत बसलेली. धुऱ्यावरून सायकल हातात धरून जायची वेळ आली तरी अडचण नाही.

पायडलमध्ये शिमानोचं एम५२० दोन्ही बाजूंनी अडकतं, त्यामुळे खाली पाहावं लागत नाही. ईएच५०० ला एक बाजू सपाट असते. पांदणीत सपाट बाजू, डांबरावर क्लीट, असं वापरता येईल; फक्त निघताना कोणती बाजू वर आहे ते पाहायची सवय लावावी लागते. तुमच्या वाटेला मी ईएच५०० सुचवीन.

बूट मात्र पायडलच्या आधी ठरवा. माप संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय फुगतो. टाच भिंतीला लावून, पूर्ण वजन टाकून कागदावर उभं राहा आणि सर्वांत लांब बोटापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. रुंदी चवड्याच्या सर्वांत रुंद जागी. साइज मोठ्या पायाचा धरायचा, म्हणजे तुमचा उजवा. शिमानोच्या तक्त्यात ४२ नंबर साधारण २६.५ सेंटीमीटरच्या पायाला आहे, पण दुसऱ्या कंपनीचा ४२ तेवढाच असेल असं समजू नका. रुंद पायासाठी लांबीत नंबर वाढवू नका. तसं केलं की टाच सुटते आणि चवडा पुढे सरकतो. त्याच नंबरात वाइड मिळतो, तो मागा.

निंबाची_सावली (अचलपूर)
बूट-पायडल दोन्ही चांगले असूनही क्लीट पुढे बसली तर आग तशीच राहते. म्हणून बसवणं जरा सविस्तर सांगते.

बूट घालून अंगठ्यामागचं हाड बोटानं चाचपा आणि बुटाच्या आतल्या कडेला पेनानं खूण करा. करंगळीमागच्या हाडाची खूण बाहेरच्या कडेला. क्लीटचा मध्य या दोन खुणांच्या मधोमध असावा. बोटं बधिर होत असतील तर तिथूनही दोन-तीन मिलिमीटर टाचेकडे सरकवा. वजन बोटांच्या मुळांवरून मागे येतं. क्लीट मागे गेली की पाय थोडा आखूड पडल्यासारखा होतो, तेव्हा सीट किंचित खाली घ्यावी लागते. हे विसरलं की गुडघ्यामागे ओढ बसते.

आता कोन. उंच टेबलावर बसून पाय लोंबकळू द्या. पंजा जितका बाहेर वळतो तितकाच पायडलवरही वळू द्यायचा, जबरदस्तीनं सरळ करायचा नाही. अडकलेल्या अवस्थेत टाचेला जी हलायला मोकळीक मिळते ती फ्लोट. एसपीडीत ती सुमारे ४ अंश. पायडल मारताना टाच आत जाऊ पाहते आणि अडते असं जाणवलं, तर क्लीटचं टोक अंगठ्याकडे थोडं फिरवा. टाच बाहेरच्या बाजूला अडत असेल तर उलट. एका वेळी एकच बदल करा आणि जुन्या जागेभोवती पेनानं रेघ ओढून ठेवा.

बोल्ट ४ मिमी ऍलन कीचे, आट्यांना ग्रीस लावून ५ ते ६ न्यूटन मीटर. पहिल्या फेरीनंतर पुन्हा आवळा. एक बोल्ट गळाला की टाच वळते पण क्लीट जागेवरच फिरते, पाय सुटत नाही आणि माणूस सायकलसकट आडवा होतो. असं झालं तर बुटाचा पट्टा सोडून पाय बाहेर काढायचा.

डांबर_संपलं (मूल, जि. चंद्रपूर)
माझं मत थोडं वेगळं आहे. आग होण्याचं कारण मला तुमच्या मऊ तळव्यात दिसते. मऊ बूट पायडलच्या कडेवर वाकतो आणि सगळा दाब एका पट्ट्यात येतो. आधी कडक तळव्याचा बूट घ्या आणि पिनावाल्या रुंद सपाट पायडलवर महिनाभर चालवून पाहा. २०० किलोमीटर सपाट पायडलवरही होते, त्यासाठी क्लीट लागतेच असं नाही.

चाक_आणि_चवडा
कारण बरोबर धरलंत भाऊ. म्हणून बूट दोन बोल्टचाच घ्यावा, क्लीटच्या जागेवरची झाकणी तशीच ठेवावी आणि ईएच५०० च्या सपाट बाजूवर सुरुवात करावी. आग थांबली तर क्लीट लावायची घाई नाही. मात्र पट्टे सैल ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, पाय फुगतो आणि सकाळी बरोबर बसलेला पट्टा दहा वाजता शिरा दाबतो. पुढचा पट्टा सर्वांत सैल, वरचा घट्ट.

काळीकसदार (दर्यापूर, जि. अमरावती)
मातीचं राहिलं. आपली काळी माती ओली असताना क्लीट आणि तळवा यांच्यात दाबली जाते, वाळली की दगड. मग क्लीट पकडणारा पायडलचा चाप बंदच होत नाही. खिशात बोथट काडी किंवा जुना टूथब्रश ठेवा. क्लीटच्या बोल्टच्या षटकोनी खाचेत मेणबत्तीचं मेण भरा; नाहीतर माती तिथे बसते, ऍलन की आत जात नाही आणि खाच घासून जाते. चापाला पातळ कोरडं चेन ल्यूब, दाट ग्रीस नको, त्याला माती चिकटते. बुटात क्लीटच्या भोकातून पाणी येते, आतल्या सोलखाली स्टिकर लावा.

एम५२० पायडलसोबत काळी एसएच५१ क्लीट येते, ती टाच बाहेर वळवली की सुटते. नवख्यानं चंदेरी एसएच५६ वापरावी, ती वर ओढूनही सुटते; ईएच५०० सोबत तीच येते. चापाचा ताण सर्वांत कमी ठेवा, दोन्ही पायडलवर सारखे टिकटिक मोजून.

पांदणवाट
ताई, भाऊ, सर्वांचे आभार. आधी बूट आणि सपाट बाजू, मग क्लीट, असंच करतो. जुनं डावं पायडल निघून नाही राहिलं, पाना घसरते.

काळीकसदार
डाव्याचे आटे उलटे असतात जी. कोणत्याही बाजूचं पायडल असो, पाना वरच्या दिशेला उभा धरून मागच्या चाकाकडे ओढला की सुटते. आट्यांत तेल सोडून रात्रभर ठेवा, क्रँक खाली दाबून धरा आणि १५ नंबरचा लांब दांड्याचा पाना वापरा. नवं बसवताना ग्रीस लावून पहिले चार-पाच फेरे हातानंच. आडवे आटे बसले तर क्रँक बदलावा लागेल.