डाव्या पायाला काम नाही म्हणून मी पॅसेंजर?

घोडबंदरचा गुडघा
परवा गाडीवेड्यांच्या ग्रुपवर एक पोस्ट वाचली आणि डोकंच फिरलं. "ज्याच्या डाव्या पायाला काम नाही तो ड्रायव्हर नव्हे, पॅसेंजर. ऑटोमॅटिकवाल्यांनी गाड्यांवर बोलू नये." वा रे वा! १५ वर्षं मॅन्युअल चालवली मी. शिकलो बाबांच्या ९६ च्या झेनवर. ९९३ सीसी, पॉवर स्टिअरिंगचा पत्ता नाही, कसारा घाटात ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरवर रडतखडत. आता राहतो कासारवडवलीला. मेट्रो ४ च्या खांबांसाठी बॅरिकेड लागले होते, तेव्हा एका सकाळी क्लच किती वेळा दाबतो ते मोजायला घेतलं. मानपाड्यालाच दोनशे झाले, नाद सोडला. गुडघ्याच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "गाडी कुठली चालवता?" मग घेतली टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक, क्लचचं पेडलच नाही. झालो पॅसेंजर?

वाशीकर क्लच
ती पोस्ट माझीच. शब्द मागे घेत नाही. घोडबंदरला तुम्ही करता ते ड्रायव्हिंग नव्हे, रेशनची रांग आहे. ड्रायव्हिंग म्हणजे रविवारी पहाटे माळशेज. वळणाआधी चौथ्यातून तिसऱ्यात टाकताना रेस बरोबर जुळली की गाडी जराही हिसका न देता गिअर घेते, तेवढ्यासाठी मी चारला उठतो. एएमटी तिथे मान डोलावत बसते. आणि उतारावर नुसते ब्रेक दाबून जळका वास काढणारे सगळे तुमच्यातलेच.

घोडबंदरचा गुडघा
मी लिहिलं टॉर्क कन्व्हर्टर, तुम्ही वाचलं एएमटी. फरक कळत नसेल तर गाडीवेडे कशाला म्हणवता? एएमटी म्हणजे तुमचाच मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला यंत्र. आणि उतारावर खालचा गिअर धरून ठेवायची सोय माझ्या गाडीत आहे. दांडा डावीकडे ढकलायचा, बस.

सीवूड्सची सून
रविवार, पहाट, चार वाजता. वाचूनच अंगावर काटा आला. तुमचं माळशेज आमच्या खिडकीखालून सुरू होतं हो! पाम बीच रोडवर आधी घुर्रर्र, मग फट्-फट्-फटाक. शोकेसमधल्या कपबशा वाजतात. सासरे दचकून उठून विचारतात, "टायर फुटला का गं कुणाचा?" दर शनिवारी-रविवारी, तेच वाक्य. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२० वा नियम सायलेन्सरचाच आहे, वाचा कधीतरी.

वाशीकर क्लच
ताई, रीलवाल्या पोरांचं पाप माझ्या माथी नको. माझी गाडी कंपनीतून आली तशीच आहे.

ऐरोलीचा बुलेटवाला
आवाज म्हटलं की सगळे आमच्याकडे बघतात. चारचाकीवाल्यांना अटल सेतूवर १०० ने जायची मुभा, आणि दुचाकीला त्या २१.८ किलोमीटरवर चाक लावायची परवानगी नाही. त्यावर काढा की धागा.

सीवूड्सची सून
तुमचीही गाडी मी आवाजावरून ओळखेन बहुतेक.

ऐरोलीचा बुलेटवाला
भाषा जपून वापरा.

सीवूड्सची सून
भाषेनं कुणाची झोप मोडत नाही. पहाटे चारला तुम्हीच या माझ्या बाळाला झोपवायला!

नौपाड्याचे काका
भांडा, भांडा. आमच्या पद्मिनीला गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला होता. अडकला की भर रस्त्यात बॉनेट उघडून हाताने सोडवायचा, मागून बेस्टची बस बोंबलतेय. त्याला शौक म्हणत नसत, दुसरी गाडी नसायची म्हणून चालवायचो. परवा मुलाच्या इलेक्ट्रिकमध्ये बसलो. तीन हात नाक्याला सिग्नल सुटला आणि माझी मान सीटला चिकटली. आवाज शून्य. सूनबाई, तुमच्या सासऱ्यांना चालेल ही.

वाशीकर क्लच
काका, तो मिक्सर आहे. मिक्सरवर कुणी प्रेम करतं का?

नौपाड्याचे काका
आमची ही करते. तिसावं वर्ष चालू आहे त्या मिक्सरचं.

घोडबंदरचा गुडघा
बरं क्लचराव, एक विचारू? ऑफिसला कशाने जाता?

वाशीकर क्लच
विषयाला सोडून आहे हे.

घोडबंदरचा गुडघा
तरी?

वाशीकर क्लच
ट्रान्स-हार्बर लोकलने. ठाण्याला पार्किंग मिळत नाही.

घोडबंदरचा गुडघा
म्हणजे आठवड्यातले पाच दिवस पॅसेंजर. विंडो सीट तरी मिळते का?

वाशीकर क्लच
हसा. ठीक आहे, घोडबंदरपुरती ऑटोमॅटिक माफ. घाटासाठी नाही.

घोडबंदरचा गुडघा
उपकार झाले. गुडघ्याला कळवतो.

सीवूड्सची सून
तुमचं मिटलं, माझं काय? काल रात्री पावणेएकला परत तेच. पांढरी हॅचबॅक, मागे पंख लावलेला. कुणाच्या ओळखीची?

वाशीकर क्लच
पंख लाल होता का?

सीवूड्सची सून
हो. का?

वाशीकर क्लच
भाचा आहे माझा. बोलतो त्याच्याशी. आणि आधीच सांगतो, सायलेन्सर मी नाही सुचवला. फक्त दुकान दाखवलं होतं.