बेडरूममधल्या कुंड्यांनी खरंच झोप लागते का?

शेवंती: लहानपणी आई ओरडायची, झोपायच्या खोलीत झाड ठेवू नका, रात्री वाईट हवा सोडतं. आता तीच आई व्हॉट्सॲपवरून पाठवते की स्नेक प्लांट रात्रभर ऑक्सिजन देतं, हवा शुद्ध करतं, गाढ झोप लागते. मागच्या महिन्यात पाच कुंड्या आणल्या. दोन हजार गेले. झोप होती तशीच आहे. माझं मत: ही झाडं सुंदर आहेत, पण औषध म्हणून विकणं ही फसवणूक आहे.

मातीचे हात: फसवणूक कशी? नासाने १९८९ साली प्रयोग केलाय. स्नेक प्लांट, पीस लिली वगैरे झाडांनी बेंझीन, फॉर्मल्डिहाइड शोषलं. नवीन फर्निचरचा, रंगाचा जो वास येतो ना, त्यातलेच हे वायू.

खिडकीवाला: केलाय खरा, पण कशात? हवाबंद पारदर्शक पेटीत. आपली खोली पेटी नाही, दाराच्या फटीतूनसुद्धा हवा बदलत असते. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या दोघांनी २०१९ मध्ये अशा बारा अभ्यासांचे आकडे पुन्हा मांडले. नुसत्या हवा खेळती राहण्याने जे होतं, तेवढं झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला किमान दहा झाडं लागतील. दहा बाय दहा फुटांच्या खोलीत नव्वदच्या वर कुंड्या. मग झोपायचं कुठे, गॅलरीत?

मातीचे हात: दिल्लीचे उद्योजक कमल मीत्तल यांनी नेहरू प्लेसच्या ऑफिसच्या इमारतीत झाडांनी हवा शुद्ध करून दाखवलीय. अरेका पाम, स्नेक प्लांट आणि आपला मनी प्लांट, तीनच झाडं.

खिडकीवाला: तीन जाती हो, तीन झाडं नव्हे! तीनशे माणसांना बाराशे झाडं. माणशी चार.

शेवंती: आणि ते रात्रीच्या ऑक्सिजनचं?

खिडकीवाला: अर्धं खरं. स्नेक प्लांटसारखी झाडं कोरड्या मुलखातली. पाणी उडू नये म्हणून दिवसा पानांची छिद्रं मिटून घेतात आणि रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड आत साठवतात. ऑक्सिजन मात्र उजेडातच तयार होतो. कार्बन डायऑक्साइडची साठवणही चिमूटभर, आपण झोपेतही तो तासाला दहा लिटरच्या आसपास सोडतो. तुमच्या आईचं जुनं मतही तितकंच चुकीचं, एका कुंडीने कोणी गुदमरत नाही. तुमच्याकडे एसी आहे का? स्प्लिट एसी बाहेरची हवा आणत नाही, खोलीतलीच गार करून फिरवतो. दारं बंद करून दोघं झोपलात की पहाटे डोकं जड होणारच. खिडकी बोटभर उघडी ठेवून बघा.

हायवेलगत: खिडकी उघडा म्हणणं सोपं आहे. आमच्या खाली चोवीस तास डंपर. सकाळी टेबलावर बोटाने नाव लिहिता येतं. मी झाडंच ठेवणार.

खिडकीवाला: धुळीला झाड काय करणार? पानावर बसेल थोडी, तीही तुम्हालाच पुसावी लागेल. तुमच्यासाठी फिल्टरवालं यंत्र.

अबोली: मी शेवंतीताईंच्या विरुद्ध. तुम्ही सगळे हवा मोजत बसलात. मी रात्री साडेनऊला फोन स्वयंपाकघरात ठेवते आणि कुंड्यांना पाणी घालते, पिवळी पानं खुडते. अर्धा तास जातो. मला झोप लागते.

शेवंती: मग ती फोन ठेवल्यामुळे लागते, अबोली!

अबोली: असेल. पण झाडं नव्हती तेव्हा फोन खाली ठेवला जात नव्हता. त्याचं काय करू?

मातीचे हात: वा! हे मात्र नर्सरीवाल्याने पाटीवर लिहावं.

खिडकीवाला: हे मान्य. फक्त पाणी सकाळी घाला. आणि कुंडीखालच्या बशीत साचलेलं आठवड्यातून एकदा तरी ओता, मनी प्लांटच्या बाटलीतलंही बदला. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. पावसाळ्यात पालिकेची माणसं घरी येऊन बशा उगाच नाही तपासत.

अबोली: सकाळी डबे असतात. पाणी रात्रीच. बशी ओतेन.

शेवंती: काल खिडकी बोटभर उघडी ठेवली. झोपेचं सांगते आठवड्याने, मांजर मात्र आत आलं आणि एक कुंडी पाडून गेलं. उरल्या चार.

हायवेलगत: चारातल्या दोन देता का?