घाटवाटेनं खाली, समुद्रापर्यंत: तुमचे अनुभव सांगा

मुरमाड
काल फिजिओवाल्या बाईंनी विचारलं, "गुडघ्यांवर पूर्वी कधी ताण आला होता का?" आणि एकदम बोराट्याची नाळ आठवली, घळीतून कोकणात उतरणारी घाटवाट. मोहरी गावाहून निघालो. नाळेच्या तोंडाशी आलो तर समोर लिंगाण्याचा सुळका, त्याच्यामागे रायगड आणि पायाखाली नुसते धोंडे. एखादा हलला की वरचे ओरडायचे, "दगssड!" निम्मी नाळ बूड टेकत उतरलो. पाने गावात पोचेपर्यंत पँटची मागची बाजू उरली नव्हती. मला वाटलेलं, कोकणात उतरलं की समुद्र आलाच. कुठलं काय! महाड, एसटी, हरिहरेश्वर दुसऱ्या दिवशी. लाटेत पाय घातले आणि सोललेल्या टाचा अशा चुणचुणल्या की बोंबच मारली.

करवंद
पँट!! आमच्या ह्यांची मढे घाटात गेली. परत येताना एसटीत कमरेला माझी ओढणी.

चिंगी७
हरिहरेश्वरावरून आठवलं. प्रदक्षिणेच्या त्या पायऱ्या, दोन कातळांच्या फटीतून थेट समुद्रावर उतरतात त्या. गुरुजी म्हणाले, पाणी चढतंय, आत्ता नको. आत्या म्हणे, एवढ्या लांबून आलो, पटकन जाऊन येऊ. शेवटच्या पायऱ्यांवर होतो आणि लाट आली ती गुडघ्यापर्यंत. आत्या माझ्याआधी वर! संधिवात वगैरे सगळं खाली राहिलं.

खाडीकाठ
भरती बघून जायचं हो. आमच्याकडे सोपा हिशोब आहे, तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाचे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. आजोबा कॅलेंडर बघून कालवं काढायला निघायचे.

करवंद
कालवं!! सुक्की की रश्श्यात?

खाडीकाठ
सुक्की. ओलं खोबरं, कोकम. बाकी काही नको.

नवा_भिडू
सांधण दरीत 9 वर्षांच्या मुलाला नेता येईल का? जुलैत सुट्टी काढतोय.

मुरमाड
जुलैत अजिबात नको, पावसात ती घळ म्हणजे ओढाच असतो. हिवाळ्यात न्या, साम्रद गावाहून, वाटाड्या घेऊनच. तरी मधे गार पाण्यातून चालावं लागतं, जास्तीचे कपडे ठेवा.

चिंगी७
आणि जास्तीची पँट.

आळशी_बोका
मी कुठेच उतरलो नाही. वरंधा घाटात गाडी थांबवून भजी खाल्ली आणि खाली बघितलं. चालेल का?

करवंद
पळेल. कुकरची शिट्टी झाली, येते मग.